वर्णद्वेषाची जखम आणि क्षमायाचनेचे मलम

अमेरिकेतील भांडवली आरोग्यव्यवस्थेने २०२० सालानंतर एक नवी भाषा आत्मसात केली. जुन्या जखमा भरून काढण्याची, मनोमीलनाची, गमावलेला विश्वास परत मिळवण्याची ती भाषा होती. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीने काळ्यांच्या वस्त्यांतून गोऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक बळी घेतले. तेव्हा रुग्णालयांचे संचालक, विमा कंपन्यांचे अध्यक्ष आणि शहरांचे महापौर एकाएकी जागे झाले. वर्णद्वेष हे सार्वजनिक आरोग्यावरील संकट आहे, असे ठराव दोनशेहून अधिक शहरांनी, काउंटींनी आणि राज्यांनी संमत केले. एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेनेही हेच जाहीर केले. डॉक्टरांच्या मनातील सुप्त पूर्वग्रह घालवण्यासाठी शिबिरे भरली, क्षमायाचनेची पत्रके निघाली, वस्त्यावस्त्यांतून संवादसभा झाल्या.

या साऱ्या खटाटोपाचा हिशोब आता मांडला पाहिजे, आणि तो अमेरिकन सरकारच्याच आकड्यांनी मांडता येतो. २०२१ साली दर १ लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता मरण पावल्या. गोऱ्या मातांचे प्रमाण २६.६ होते. साथ ओसरल्यावर दोन्ही आकडे खाली आले. परंतु २०२३ साली गोऱ्या मातांचे प्रमाण १४.५ वर उतरले असताना कृष्णवर्णीय मातांचे प्रमाण ५०.३ होते. म्हणजे २०२१ साली अडीच पटींहून थोडी अधिक असलेली तफावत दोन वर्षांत जवळजवळ साडेतीन पट झाली. ठरावांची संख्या वाढत गेली आणि दरीही रुंदावत गेली.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये सत्तेवर परतलेल्या ट्रम्प सरकारने पहिल्याच दिवशी केंद्रीय खात्यांतील समतेचे कार्यक्रम एका आदेशाने गुंडाळायला घेतले. कालपर्यंत मनोमीलनाचे ढोल बडवणाऱ्या अनेक बड्या संस्थांनी आपल्या पाट्या निमूटपणे उतरवल्या. जे वरून एका सहीने मिळाले होते, ते वरून एका सहीने गेले.

यातून निराशेचा निष्कर्ष काढणारे काढोत. इतिहासाचा निष्कर्ष वेगळा आहे. अमेरिकेच्या आरोग्यसेवेत वर्णसमतेच्या दिशेने खरी पावले पडली आहेत. परंतु सत्ताधाऱ्यांच्या हृदयपरिवर्तनाने त्यांतील एकही पडलेले नाही. जनतेच्या लढ्याने शासनाला आपली तिजोरी हत्यार म्हणून वापरण्यास भाग पाडले तेव्हा ती पडली. आणि रुग्णालय, औषध व विमा यांच्यावरील नफेखोरांच्या मालकीशी गाठ पडताच ती थांबली.

अविश्वासाचा रोग कोणी पेरला?

मनोमीलनवाल्यांचे आवडते निदान असे की, कृष्णवर्णीय लोकांचा डॉक्टरांवर विश्वास नाही, म्हणून ते उपचारास उशिरा येतात आणि मरतात. जणू अविश्वास हाच रोग आणि गोड बोलणे हेच त्यावरील औषध! हा अविश्वास आला कोठून, हे विचारताच या मंडळींचा आवाज खाली येतो.

१९३२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याने अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत, टस्कीगी येथे, एक 'अभ्यास' सुरू केला. ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडण्यात आले. त्यांतील बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे शेतकरी होते. ३९९ जणांना उपदंश होता, २०१ जणांना नव्हता. रोग काय आहे हे रोग्यांना सांगितले नाही. 'रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. जेवण, तपासणी आणि मेल्यावर दफनाचा खर्च एवढी लालूच दाखवण्यात आली. दफनाचा खर्च देण्यामागे हेतू होता. शवविच्छेदनासाठी प्रेत हवे होते. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हे या रोगावरील मान्य औषध झाले होते. ते या माणसांना जाणूनबुजून दिले नाही. न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवर खटला चालवून फाशीच्या शिक्षा देणारे राष्ट्र हेच होते, आणि त्याच काळात, १९४६ ते १९४८ या वर्षांत, त्याच खात्याचे डॉक्टर ग्वाटेमालात कैदी, सैनिक व मनोरुग्णांना गुप्तरोगांची लागण करून पाहत होते.

टस्कीगीचा प्रयोग चाळीस वर्षे चालला. जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी तो उघडकीस आणला, तेव्हाच तो थांबला. १९७४ साली सरकारने १ कोटी डॉलर मोजून न्यायालयाबाहेर तडजोड केली. एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. राष्ट्राध्यक्षांची क्षमायाचना १६ मे १९९७ रोजी आली. तोपर्यंत त्या ६०० जणांपैकी अवघे आठ जण हयात होते. माफीचा मुहूर्त असा साधला जातो की, माफ करू शकणारे बहुतेक मेलेले असावेत!

टस्कीगी हा अपवाद होता, काही विकृत डॉक्टरांचे पाप होते, अशी मखलाशी केली जाते. परंतु नियम काय होता? १९१० साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या पैशाने अब्राहम फ्लेक्सनरचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. दर्जासुधारणेच्या नावाखाली आलेल्या या लाटेत कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी फक्त दोन, हॉवर्ड आणि मेहॅरी, टिकली. गोऱ्यांच्या बहुतेक महाविद्यालयांचे दरवाजे तर बंदच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची बलाढ्य संघटना आपल्या दक्षिणेकडील शाखांना काळ्या डॉक्टरांना सभासदत्व नाकारू देत होती. तेथे सभासदत्व नाही म्हणजे बहुतेक ठिकाणी रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा हक्क नाही. म्हणूनच कृष्णवर्णीय डॉक्टरांना १८९५ साली आपली स्वतंत्र नॅशनल मेडिकल असोसिएशन काढावी लागली. गोऱ्यांच्या संघटनेने या पापाची माफी मागितली ती २००८ साली.

माफीने नव्हे, तिजोरीच्या कुलपाने

या भक्कम भिंतीला पहिले मोठे भगदाड कसे पडले, हे प्रत्येक लढाऊ कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर रुग्णालये बांधण्यासाठी केंद्राचा पैसा वाटला. त्या कायद्यातच एक कलम होते: राज्यांनी 'समान दर्जाच्या' सोयी केल्या तर काळ्यांसाठी वेगळी रुग्णालये चालतील. कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या कराचा पैसा घेऊन त्यांनाच दारातून परत पाठवणारी रुग्णालये अशा रीतीने कायद्याने उभी राहिली. नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो शहरात जॉर्ज सिम्किन्स या कृष्णवर्णीय दंतवैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह व रुग्णांसह १९६२ साली मोझेस कोन रुग्णालयाविरुद्ध दावा लावला. १९६३ साली केंद्रीय अपील न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. १९६४ साली, रस्त्यावरच्या प्रचंड लढ्याच्या रेट्याखाली, नागरी हक्क कायदा झाला. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणालाही वर्णभेद करता येणार नाही, असे त्याच्या सहाव्या प्रकरणाने बजावले.

कायदा कागदावर होता. त्याला दात आले ते मेडिकेअरमुळे. वृद्धांच्या आरोग्यविम्याची ही सरकारी योजना १९६५ साली मंजूर झाली आणि १ जुलै १९६६ पासून अमलात यावयाची होती. या पैशाशिवाय रुग्णालयांना तग धरणे कठीण होते. वर्णभेद मोडल्याचे सिद्ध केल्याखेरीज दमडीही मिळणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. तपासनीस गावोगाव गेले. रुग्णालयांतील कृष्णवर्णीय सेवक आणि नागरी हक्क चळवळीचे स्थानिक कार्यकर्ते यांनी खरी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवली. तपासणीच्या दिवसापुरते काळे रुग्ण गोऱ्यांच्या कक्षात हलवण्याची नाटके उघडी पाडली. पिढ्यान्‌पिढ्या जे 'अशक्य' होते, ते बहुसंख्य रुग्णालयांत काही महिन्यांत झाले. त्यानंतरच्या वर्षांत मिसिसिपीसारख्या राज्यात न्यूमोनियाने आणि हगवणीने मरणाऱ्या कृष्णवर्णीय अर्भकांची संख्या झपाट्याने घटली, हे पुढे अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीने दाखवून दिले. ही बालके वाचली, कारण त्यांच्यासाठी रुग्णालयाचे दार उघडले. डॉक्टरांचे पूर्वग्रह गळून पडेपर्यंत त्यांना थांबावे लागले असते, तर ती मेली असती.

या योजनेला विरोध कोणाचा होता? त्याच अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा. १९४५ नंतर ट्रुमन यांची राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना हाणून पाडण्यासाठी तिने 'समाजवादी वैद्यका'चा बागुलबुवा उभा केला होता. केंद्राचा पैसा आला की वर्णभेद मोडावा लागेल, या भयाने दक्षिणेतील गोरे पुढारी तिच्या बाजूला होते. १९६१ साली मेडिकेअरच्या कल्पनेविरुद्ध प्रचाराची तबकडी काढली, तेव्हा तिला आवाज दिला तो त्या वेळी नट असलेल्या रोनाल्ड रेगन यांनी. समाजवादाचा द्वेष आणि वर्णद्वेष हे एकाच ताटात जेवतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तथापि या विजयालाही मर्यादा होती. खाजगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांना त्या नियमातून वगळण्यात आले. रुग्णालयांची मालकी जेथल्या तेथे राहिली. आणि भेदभाव संपल्याच्या नावाखाली कृष्णवर्णीयांनी पै पै जमवून, लढून उभारलेली रुग्णालये एकामागून एक बंद पडली. सेंट लुईसमधील होमर फिलिप्स हे सार्वजनिक रुग्णालय १९३७ पासून कृष्णवर्णीय डॉक्टर व परिचारिका घडवत होते. वस्तीने प्रखर विरोध केला, तरी १९७९ साली ते बंद करण्यात आले.

जनतेने स्वतः उभारलेले

खरा 'जनतेचा उपचार' कसा असतो, याचेही धडे त्याच काळाने दिले.

मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात कापूस वेचणीची यंत्रे आली आणि हजारो कृष्णवर्णीय शेतमजूर बेकार झाले. तेथे माउंड बायू या गावी १९६७ साली जॅक गायगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यकेंद्र उघडले. कल्पना अमेरिकन नव्हती. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतातील फोलेला येथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० च्या दशकात चालवलेल्या केंद्रात गायगर यांनी विद्यार्थी असताना काम केले होते. ते काम पुढे वर्णविद्वेषी राजवटीने मोडून काढले. डेल्टातील बालकांना रोग होता तो भुकेचा. केंद्राच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायला सुरुवात केली आणि खर्च औषधालयाच्या खाती टाकला. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा, कुपोषणावरचे औषध अन्नच आहे, असे त्यांना सुनावण्यात आले. जॉन हॅच यांच्या संघटनकौशल्याने विहिरी खणल्या गेल्या, संडास बांधले गेले, शेतमजुरांची सहकारी शेती उभी राहिली. आज या धर्तीची केंद्रे अमेरिकेत ३ कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. वर्णसमतेच्या दिशेने पडलेले हे खरे पाऊल होय, आणि ते नाकारणे हा कर्मठपणा ठरेल.

ओकलंड येथे १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाची बंदूकधारी छायाचित्रे जगभर छापली गेली. त्याचे दवाखाने मात्र छापले गेले नाहीत. १९७० साली पक्षाने आपल्या प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना काढण्याचा आदेश दिला. शिकागोत फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या पुढाऱ्याला पोलिसांनी डिसेंबर १९६९ मध्ये पहाटे घरात घुसून ठार केले. पुढच्याच महिन्यात तेथील दवाखाना सुरू झाला. १९७१ पासून पँथरांनी सिकल सेल या रक्तविकाराची तपासणी दारोदार नेली. या रोगाकडे संशोधन संस्थांनी पाठ फिरवली होती, कारण रोगी बहुतांशी काळे आणि गरीब होते. १९७२ साली केंद्र सरकारला त्यावर कायदा करावा लागला.

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात प्वेर्तो रिकन तरुणांच्या यंग लॉर्ड्स संघटनेने १४ जुलै १९७० रोजी लिंकन रुग्णालयाच्या एका इमारतीचा ताबा घेतला. मोडकळीस आलेल्या त्या रुग्णालयाला वस्तीतील लोक खाटीकखाना म्हणत. तेथील काही डॉक्टर आणि कामगार लढ्याच्या बाजूने उभे राहिले. ताबा काही तासच टिकला, पण रुग्णांचे हक्क आणि रुग्णालयावर वस्तीचे नियंत्रण ही मागणी त्याने साऱ्या शहरासमोर ठेवली. १९७६ साली लिंकनची नवी इमारत उभी राहिली.

आणि चार्ल्सटनच्या संपाचा विसर पडता कामा नये. साउथ कॅरोलिनातील या शहरात मार्च १९६९ मध्ये बारा कृष्णवर्णीय रुग्णालय कामगारांना बडतर्फ करण्यात आले. परिचारिकांच्या मदतनीस, स्वयंपाकघर व धुलाईघरातील कामगार अशा चारशेहून अधिक जणांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, संप पुकारला. तासाला १ डॉलर ३० सेंट या मजुरीवर त्या राबत होत्या. डाव्या कार्यकर्त्यांनी घडवलेली न्यूयॉर्कची ११९९ ही रुग्णालय कामगारांची युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. राज्यपालांनी सशस्त्र दल पाठवले, शेकडो लोकांना अटक झाली, संप शंभर दिवसांच्या आसपास चालला. केंद्राचा निधी बंद होण्याची वेळ आली तेव्हाच व्यवस्थापन नमले. बडतर्फ कामगार परत आले, मजुरी वाढली. युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. वर्णसमता म्हणजे केवळ खाटेवरच्या रुग्णाचा प्रश्न नाही. त्या खाटेची चादर धुणारीचाही तो प्रश्न आहे. मनोमीलनाच्या शिबिरांत या धुलाईवालीच्या पगाराची चर्चा होत नाही.

नफ्याला रंग दिसतो

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आजच्या वर्णद्वेषाचे यंत्र उघडे करून दाखवले. कोणत्या रुग्णाला अधिक देखभालीची गरज आहे, हे ठरवण्यासाठी अमेरिकन रुग्णालये व विमा कंपन्या संगणकाचे एक सूत्र वापरत. कोट्यवधी रुग्णांचा निवाडा अशा सूत्रांवर होत असे. त्यात रुग्णाचा वर्ण कोठेही घातलेला नव्हता. सूत्र एवढेच पाहत असे की, या रुग्णावर पुढे किती पैसा खर्च होईल. ज्यांच्यावर आजवर कमी खर्च झाला ते कमी आजारी, असा हिशोब! कृष्णवर्णीयांवर खर्च कमी झाला होता तो त्यांना सेवा मिळाली नाही म्हणून. सूत्राने त्यांना निरोगी ठरवले. ही चूक दुरुस्त केली असती, तर अधिक देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला असता. येथे कोणा डॉक्टरचा पूर्वग्रह नव्हता, कोणाच्या मनात द्वेष नव्हता. डॉलर हेच आजाराचे माप धरले, की वर्णद्वेष आपोआप निपजतो.

मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात तर वर्ण उघडपणे घातलेला होता. रुग्ण कृष्णवर्णीय असला की आकडा वाढवून धरावयाचा, म्हणजे त्याचे मूत्रपिंड आहे त्याहून बरे दिसावयाचे आणि रोपणाच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव उशिरा लागावयाचे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठवल्यावर २०२१ साली ते सूत्र बदलले आणि २०२३ पासून हजारो कृष्णवर्णीय रुग्णांना यादीतील गमावलेला काळ परत मिळू लागला. हाही विजय आहे. क्षमापत्र आणि प्रतिपूर्ती यांतील फरक तो शिकवतो: येथे रांगेतील जागा परत मिळाली.

मात्र मालकीच्या प्रश्नाला हात लागताच चित्र पालटते. फिलाडेल्फियातील हानेमान रुग्णालय प्रामुख्याने गरीब व कृष्णवर्णीय रुग्णांची सेवा करत असे. ते एका गुंतवणूकदाराच्या हाती गेले. शहराच्या मध्यवर्ती भागातील त्याची मोलाची जमीन रुग्णालयाच्या धंद्यापासून वेगळी काढण्यात आली, आणि २०१९ साली दिवाळे जाहीर करून रुग्णालय बंद झाले. सिकल सेलची कथा याहून कटू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या रोगावरील जनुकीय उपचारांना अमेरिकेत मान्यता मिळाली. विज्ञानाचा हा महान विजय होय. परंतु एका रुग्णाच्या उपचाराची किंमत कंपन्यांनी लावली २२ लाख आणि ३१ लाख डॉलर. जो रोग काळ्यांचा म्हणून दुर्लक्षिला गेला, त्याचा उपाय सापडला तेव्हा तो भांडवलाच्या तिजोरीत बंद झाला.

'वर्ग की वर्ण' हा खोटा पर्याय

येथे दुसऱ्या बाजूच्या एका भ्रमाचाही समाचार घेतला पाहिजे. काही जण स्वतःला कट्टर वर्गवादी म्हणवतात आणि सांगतात की, प्रश्न गरिबीचा आहे; वर्णाचा मुद्दा काढणे म्हणजे कामगारांत फूट पाडणे. हा युक्तिवाद मार्क्सवादाचे नाव घेतो, पण वस्तुस्थितीकडे डोळेझाक करतो. २००७ ते २०१६ या काळातील अमेरिकन सरकारी आकडेवारी सांगते की, पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा गर्भारपणाशी निगडित मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट होता. इतकेच नव्हे, तो शालेय शिक्षणही पुरे न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक होता. यात रक्ताचा वा वंशाचा गुण नाही. वस्त्या वेगळ्या, रुग्णालये वेगळी, पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता हिरावलेली, वेदना सांगितली तर डॉक्टर विश्वास ठेवत नाही, आणि रोजच्या अपमानाने शरीर अकाली झिजते. ही झीज आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ सालापासून मांडली आहे. वर्गीय शोषणानेच वर्णाची उतरंड रचली हे खरे. पण एकदा रचल्यावर ती उतरंड पगारवाढीने आपोआप ढासळत नाही.

उलट, फूट पाडतो तो वर्णद्वेष, आणि त्याची किंमत गोरा श्रमिकही मोजतो. २०१० च्या कायद्याने गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याचा विस्तार केला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांच्या मर्जीवर सोडला. २०२५ अखेरपर्यंत दहा राज्यांनी तो नाकारलेला होता. त्यांतील सात, टेक्ससपासून साउथ कॅरोलिनापर्यंत, गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढलेल्या जुन्या दक्षिणेतील आहेत. तेथे विम्यावाचून राहिलेल्यांत काळे आहेत तसेच लाखो गरीब गोरेही आहेत, आणि ग्रामीण रुग्णालय बंद पडते तेव्हा दोघांचीही रुग्णवाहिका तितकीच दूर जाते. जुलै २०२५ च्या कायद्याने श्रीमंतांची करसवलत कायम केली आणि मेडिकेडला कात्री लावली. २०३४ पर्यंत त्यामुळे सुमारे १ कोटी लोक विम्याबाहेर फेकले जातील, असा तेथील संसदेच्याच अर्थसंकल्प कचेरीचा अंदाज आहे. शेजाऱ्याला मिळू नये म्हणून स्वतःचे औषध नाकारण्यास गोऱ्या गरिबाला शिकवणे, हीच तेथील सत्ताधारी वर्गाची सर्वांत मोठी कमाई होय.

भारतातील पुरोगाम्यांसाठी

१९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी ब्लॅक पँथरांच्या नावावरूनच दलित पँथर हे नाव घेतले. तो धागा केवळ नावाचा नव्हता. सिकल सेल हा रोग सातपुड्यातील, गडचिरोलीतील आदिवासींत आणि विदर्भातील दलित समाजातही आहे. भारतात त्याची नोंद १९५२ साली झाली. निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली २०२३ साली! मधली सत्तर वर्षे कोणाची शरीरे झिजत होती, हे सांगण्याची गरज नाही. दलित आणि आदिवासी घरांत बालमृत्यू इतरांपेक्षा अधिक होतात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पुनःपुन्हा नोंदवतात. आधी वर्ग, मग जात आपोआप, हे सूत्र भारतातही ऐकू येते. अमेरिकेच्या अनुभवाने ते खोटे ठरवले आहे. आणि केवळ सन्मानाच्या घोषणा, संवेदनशीलतेची शिबिरे व खाजगी विम्याची पत्रिका एवढ्यावर समता येईल, हे दुसरे सूत्रही त्याच अनुभवाने खोटे ठरवले आहे. विमा पत्रिकेवर लिहिलेला असतो. रुग्णालय गावात असावे लागते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. आरोग्यसेवा सार्वजनिक, मोफत आणि सार्वत्रिक हवी. त्या सार्वत्रिक सेवेतही ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय झाला त्यांच्याकडे निधी, डॉक्टर आणि औषध आधी गेले पाहिजे. शासनाचा पैसा वा जमीन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयावर भेदभावबंदीची अट तपासणीसह लागू झाली पाहिजे, आणि त्या तपासणीत तेथील कामगार व वस्तीतील संघटना यांना स्थान हवे. कंत्राटी सफाईवाली, आया आणि आशा सेविका यांच्या वेतनाचा लढा हा आरोग्यसमतेचाच लढा मानला गेला पाहिजे.

टस्कीगीच्या आठ वृद्धांना माफी मिळाली. मिसिसिपीच्या बालकांना दार उघडून मिळाले. या दोहोंतील दुसऱ्यालाच प्रगती म्हणतात, आणि ते दार आतून कोणी उघडले नव्हते. बाहेर उभ्या असलेल्यांनी ते ढकलून उघडले होते.